बोग्गू

भद्रावती पेठेत, आमच्या पुढच्या खोलीत,
जिथं दादांचा माग होता
तिथं आता दोनशे लिटर समुद्र आहे.
मागाच्या पायांचे खड्डे फरशीत तसेच.
टाकीचं स्टँड त्यातल्या एकाला
जरा चुकवून ठेवलंय.

नळाला पाणी चार दिवसांआड.
मी ते थेंबथेंब गाळून घेतो,
मग मोजून मीठ टाकतो.
शेजारचा गड्डम म्हणतो,
लोकांना गोडं मिळेना
आणि हा बसलाय खारं करत.
त्याला काय उत्तर देणार?

उंबऱ्याशी अम्मा.
मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू.
संध्याकाळपर्यंत हजार विड्या व्हायला हव्यात,
आणि कारखान्यात शंभर-दीडशे छाट निघणारच.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं, हे काय आणलंस?
मी म्हटलं, प्रवाळ. कळलं नाही.
पोवळं. तरी नाही.
मग म्हटलं, पगडम्.
तिचा हात पानावरच थांबला.

तिच्या पुस्त्यांत दोन पगडम् होते.
दादा गेल्यापासून पत्र्याच्या डबीत आहेत,
सुया आणि रेशनकार्डासोबत.
"हे जिवंत असतंय?"

असतंय, अम्मा. आणि भांडतंयसुद्धा.
तो हॅमर रात्री लांब धागे सोडून शेजाऱ्याला डसतो.
ही लेदर नुसती उभी असते भोळ्या तोंडानं,
आणि पाण्यात गुपचूप विष कालवते,
बाजूच्याची वाढ खुंटावी म्हणून.
(आमच्या बोळात हे फार समजावून सांगावं लागत नाही.)

त्यावर कोळसा.
चुलीतला नाही; नारळाच्या करवंटीचा,
वाफेनं आतून पोखरलेला.
दोन-तीन चमचे उलगडून अंथरले
तर पार्क मैदान झाकतील, असं वाचलंय.
सगळं विष, सगळा पिवळेपणा
त्या भोकांत जाऊन बसतो.
अम्मा हसली. "बोग्गू?
बोग्गूनं पाणी निवळतंय होय!"

मे महिना, चव्वेचाळीस.
मी बर्फ आणायला गेलो होतो.
परत आलो तर टाकी गप्प.
झोआंची सगळी तोंडं मिटलेली,
हॅमर आपल्याच हाडात शिरलेला.
अम्माचा उजवा हात कोपरापर्यंत ओला.
साबणाची वडी मोरीत, झिजून पातळ झालेली.
चाळीस वर्षांचा तंबाखू
असा एका दुपारी निघतो का?

ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.
कोळसा धूत बसलो,
काळं पाणी सरेपर्यंत,
मग मच्छरदाणीच्या पिशवीत बांधला.
अख्खा डबा ओतावा असं वाटत होतं.
पण मागच्या साली तसंच केलं होतं:
एका रात्रीत पाणी इतकं नितळ झालं
की वरचा दिवा थेट आत उतरला
आणि दोन तुकडे पांढरे पडले.
एकदम निवळलेलं पाणीही भाजतं.
म्हणून अर्धी मूठ.
दुसऱ्या दिवशी अजून अर्धी.

तिसऱ्या दिवशी पहाटे
एक झोआ उघडला, नखाएवढा, हिरवा.
मी हाक मारायच्या आत
ती मागे येऊन उभी होती,
दोन्ही हात पदरात गुंडाळून.

आता ती जवळ येते ती तशीच.
बघते. खोकला आला की तोंड फिरवते
आणि बाहेर जाते.

भरलेला कोळसा आणि कोरा कोळसा
दिसायला एकच.
कधी बदलायचा हे डोळ्यांना कळत नाही,
मी विसरतो.
आज सकाळी दोऱ्याची गाठ मारता मारता,
मान वर न करता,
अम्मा म्हणाली:
"पंचवीस झाले. कट्टा भरला.
बोग्गू बदल."